तळघरातला पायलट विझतोय : काडी मी लावू की माणूस बोलावू?

ओसरी (शनिवार, रात्री)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

आम्ही मागच्या सप्टेंबरात मध्य न्यू जर्सीत एक जुनं घर घेतलं. तळघरात नैसर्गिक वायूवर चालणारी गरम हवेची फर्नेस आहे. पावती बाजूला चिकटवलेली आहे, १९८७ ची. म्हणजे माझ्यापेक्षा थोडीच लहान. तिच्यात कायम जळणारी छोटी ज्योत आहे, पायलट. आज दुपारी कपडे ड्रायरला लावायला खाली गेले आणि परत आले तर घर गार पडत चाललेलं. खाली जाऊन झाकण काढून बघितलं, पायलट विझलेला. डिसेंबरातही एकदा असंच झालं होतं. तेव्हा माणूस आला, दोन मिनिटं काडी लावली आणि दीडशे डॉलर घेऊन गेला.

नवरा कामानिमित्त बाहेरगावी. घरात मी, सहा वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं, "गॅसला काडी लावायची त्यात काय एवढं? मी पन्नास वर्षं लावतेय." फर्नेसच्या दारावर पायऱ्या लिहिलेल्या आहेत, त्या मी तीनदा वाचल्या. गॅसचा वास अजिबात नाही.

दोन प्रश्न :
१) हे मी स्वतः करावं का?
२) विझण्याआधी मी पाहिलं होतं, ज्योत मरगळलेली आणि टोकाला पिवळी होती. व्हॉल्व्हवर एक छोटा स्क्रू आहे. तो फिरवून ज्योत मोठी करता येते असं व्हिडिओत दाखवलंय. फिरवू का?

गंमत म्हणजे फर्नेसच्या पत्र्यावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्यात, "पायलट लावला" म्हणून. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

---

कोथरूडकर_जुना

माणूस बोलवा. दीडशे डॉलर गेले तर गेले.

---

टाकीवरचा_कावळा

पायलट विझला तर को-पायलट म्हणून सासूबाई आहेतच की! (हलके घ्या.)

---

निवृत्त_फायरमन

ताई, आधी माझी ओळख. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं बॉयलर हाउसमध्ये काढली, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट. आमच्याकडे बॉयलर चालवणाऱ्याला फायरमन म्हणतात, आग विझवणाऱ्याला नव्हे. घरातली फर्नेस मी चालवलेली नाही, पण आग ती आगच.

दारावर "नॉब बंद करून ५ मिनिटं थांबा" असं लिहिलं असणार. सगळी गोम त्या पाच मिनिटांत आहे. लोक तेवढंच गाळतात. पायलट विझल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात थोडा गॅस आत जातो. तुम्ही दोन-तीनदा प्रयत्न केलात तर आणखी जातो. तो आत साठलेला असताना काडी दाखवली की ज्योत पेटत नाही, भडका होतो. नैसर्गिक वायू हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. खोलीभर एवढा साठायला वेळ लागेल, पण फर्नेसच्या पोटात किती जागा असते?

आमच्या बर्नरला हे काम मशीनच करतं. स्टार्ट दिला की आधी नुसता पंखा फिरतो, भट्टीच्या पोटातली हवा चार वेळा बदलेल इतका वेळ. त्याला पर्ज म्हणतात. मग ठिणगी, मग पायलटचा गॅस. ठरलेल्या सेकंदांत स्कॅनरला ज्योत दिसली नाही तर गॅस बंद आणि लाल दिवा : लॉकआउट. तुमच्या फर्नेसला तसा पंखा नाही. ती पाच मिनिटं हाच तुमचा पर्ज.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव नको. रात्रपाळीत बर्नर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. डाइंगला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या खात्याला, वाफ हवी, फोनवर फोन. पोराने रिसेट दाबला. पुन्हा ट्रिप. पुन्हा रिसेट. वेळ वाचावा म्हणून कुणीतरी पर्जचा टायमर आधीच कमी करून ठेवला होता, आणि गॅसचा एक सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) बंद असूनही आतून गॅस सोडत होता. चौथ्या रिसेटला असा आवाज झाला की मी कॅन्टीनमधून पळत आलो. मागचं एक्स्प्लोजन डोअर उघडून भिंतीला लागलं होतं. पोरगा पुढच्या बाजूला पॅनेलपाशी होता म्हणून वाचला. तेव्हापासून माझ्या पाळीत नियम एकच : रिसेट एकदा. दुसऱ्यांदा हात लावायच्या आधी मला उठवायचं.

तर उत्तर : वास नाही, पायऱ्या कळल्यात, हात थरथरत नाहीत, तर एकदा करा. पेटला नाही किंवा पेटून पुन्हा विझला तर दुसऱ्यांदा करू नका. आणि स्क्रूला हात नको.

---

फरसाणवाला

फायरमनकाका, सलाम. पण पाच मिनिटं थांबायचं म्हणजे आमच्यासारख्यांचं दुकान बंद. पेणला माझी शेव-फरसाणाची भट्टी आहे, १९ किलोच्या सिलिंडरवर, हाय प्रेशर बर्नर. पहाटे साडेचारला पेटतो. आम्ही आधी काकडा पेटवून बर्नरच्या तोंडाशी धरतो आणि मग चावी हळूहळू उघडतो. बावीस वर्षांत भुवया एकदाच जळाल्या, त्याही पुतण्याच्या. त्याने आधी चावी उघडली आणि मग काडेपेटी शोधत बसला.

---

निवृत्त_फायरमन

@फरसाणवाला, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. काडीने गॅसची वाट बघायची, गॅसने काडीची नाही. तुमचा बर्नर उघड्यावर असतो म्हणून पहिल्या वेळी थांबावं लागत नाही. पण पुतण्याने चावी उघडल्यावर तुम्ही काय केलं असतंत? बंद करून, दारं उघडून थांबलाच असता ना?

आणि तुमचा गॅस एलपीजी आहे, तो हवेपेक्षा जड. तेलाच्या पिंपामागे, मोरीत, पायऱ्यांखाली जाऊन बसतो. ओसरीताईंचा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. तरी त्यांच्या लेबलवर जमिनीलगतही वास घ्या असं लिहिलेलं असेल.

---

फरसाणवाला

थांबलो नसतो काका, खरं सांगतो. आता थांबेन.

---

ओसरी

हो, लिहिलंय! "जमिनीलगत वास घ्या, काही वायू हवेपेक्षा जड असतात." मला कळतच नव्हतं की ओणवं होऊन काय हुंगायचं. वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, घरातून फोनही करू नका, शेजाऱ्यांकडे जाऊन करा, असंही आहे.

आज रात्री काही करत नाही. तिघी एका खोलीत विजेचा हीटर लावून झोपतोय. उद्या उजेडात बघू.

---

उणे_तीस

मिनियापोलिसहून. आमच्याकडे पायलट ही भानगडच नाही. तापून लाल होणारी एक पट्टी असते, त्यावर बर्नर पेटतो आणि ज्योत लागली की नाही ते एक साधी धातूची काडी ओळखते. ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका बारीक प्रवाह जातो, त्यावरून. काडीवर राप चढला की फर्नेस पेटते, चार सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, शेवटी रुसून बसते. ते साफ करणं सोपं आहे. पण त्या लाल होणाऱ्या पट्टीला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने ती तडकते आणि ठिसूळ तर इतकी की पापड बरा.

आमचं खरं दुखणं वेगळं. घराबाहेर भिंतीतून दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या येतात, एक हवा आत घ्यायची, एक धूर बाहेर सोडायची. हिमवादळानंतर त्या बर्फाखाली गाडल्या जातात. मी दोन तास आत फर्नेस उघडून बसलो होतो. शेवटी बायकोने विचारलं, "बाहेर जाऊन बघितलंस का?" फावड्याने दोन फूट बर्फ काढला, फर्नेस चालू.

---

टाकीवरचा_कावळा

म्हणजे फर्नेसला सर्दी झाली होती. नाक चोंदलं होतं.

---

पेठेतली

हसण्यावारी जातंय म्हणून लिहिते. वास नाही म्हणजे धोका नाही, असं ओसरीने आणि सगळ्यांनीच धरून चाललंय. तसं नसतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सदाशिव पेठेत आमचं जुनं घर, न्हाणीघराला एक झरोका. आत गॅसचा गिझर. डिसेंबरातली थंडी म्हणून दादाने झरोक्याला पुठ्ठा लावला होता. सकाळी तिघांच्या अंघोळी झाल्या, चौथी वहिनी. पाण्याचा आवाज येतोय, ती हाकेला ओ देत नाही. दार तोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे उघडे. उचलून गॅलरीत आणली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला. वाचली. दोन दिवस डोकं दुखत होतं, आणि त्या सकाळचं तिला आजही काही आठवत नाही.

गिझर बसवणाऱ्याला बोलावलं तर तो साबणाचं पाणी लावून गळती शोधत बसला. गळती नव्हतीच. गॅस सगळा जळत होता, पण बंद खोलीत हवा संपत आली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतं. गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. तो जळून जातो. मग नाकाला कळणार कशाने?

आता गिझर गॅलरीत आहे, पाइप भिंतीतून आत. ओसरी, तू पायलट कसा लावायचा ते विचारतेस. धूर जातो कुठे ते कुणी विचारलंच नाही.

---

कोथरूडकर_जुना

+१. म्हणून म्हणत होतो, माणूस बोलवा.

---

बंबवाला

अवांतर : आमच्या राजापूरकडच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. मधल्या नळकांड्यात शेंड्या, करवंट्या, पातेरा. वर धूर, तोटीला पाणी. पायलट नाही, थर्मोकपल नाही, पर्ज नाही. विझला तर फुंकणी.

---

पेठेतली

@बंबवाला, तोही न्हाणीघराच्या आत ठेवून दार लावून घेतलंत तर तेच होईल. तुमची न्हाणी कौलांची आणि भिंत वरून उघडी म्हणून बंब बिचारा निरुपद्रवी.

---

बंबवाला

खरं आहे. वरून माकडंही यायची.

---

प्रवासी_पक्षी

वासावरून आठवलं. १९३७ साली टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० माणसं गेली, बहुतेक मुलं. तेव्हा नैसर्गिक वायूला वास नसे. त्यानंतर वास मिसळणं सक्तीचं झालं. आपल्याकडे सिलिंडर उघडल्यावर नाक मुरडतो ना, त्यामागे ही गोष्ट आहे.

---

मापटं

मी उष्णतेच्या यंत्रांतला इंजिनिअर, सध्या बडोद्याला. स्क्रूबद्दल लिहितो, कारण ते कुणी नीट सांगितलेलं नाही.

अशा जुन्या फर्नेसवर फिरवण्याजोग्या तीन गोष्टी असतात. एक, पायलटचा स्क्रू, बहुधा टोपणाखाली. पायलटची ज्योत निळी हवी आणि तिने थर्मोकपलचं वरचं साधारण एक सेंटिमीटर टोक कवेत घ्यायला हवं. थर्मोकपल म्हणजे दोन धातूंचा सांधा. तापला की २५-३० मिलिव्होल्ट देतो, आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅस उघडा धरून ठेवतं. ते चुंबक धरून ठेवू शकतं, ओढू शकत नाही. म्हणून पायलट लावताना नॉब मिनिटभर हाताने दाबून धरावा लागतो. ज्योत गेली, सांधा निवला, चुंबक सुटलं, गॅस बंद. १९८७ पासून बिचारं विजेशिवाय पहारा देतंय.

दोन, मुख्य बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप. ज्योत पिवळी आणि लांबुडकी म्हणजे हवा कमी. ज्योत बर्नर सोडून उचलली जाते, घोंघावते, म्हणजे हवा जास्त. मधूनच नारिंगी ठिणग्या दिसल्या तर ती बहुतेक धूळ असते, घाबरू नका.

तीन, गॅसच्या दाबाचा स्क्रू. याला हात म्हणजे हात नाहीच. नैसर्गिक वायूला बर्नरपाशी साधारण साडेतीन इंच पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही, मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लावूनच कळतो. बरेच जण पायलटचा समजून हाच स्क्रू फिरवतात. दोन्ही स्क्रू एकाच व्हॉल्व्हवर, तीन बोटांच्या अंतरात असतात.

आणि मुळात ज्योत पिवळी का झाली ते न बघता स्क्रू फिरवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर झटकणं. मिथेनच्या एका मापाला हवेची दहा मापं लागतात. ती हवा येते कुठून? ओसरी, फर्नेस उघड्या तळघरात आहे की बंद खोलीत? खोलीचं माप आणि फर्नेसवरचा बीटीयूचा, म्हणजे उष्णतेच्या मापाचा, आकडा द्या.

---

ओसरी (रविवार, दुपारी)

केलं! सविस्तर लिहिते.

आधी थर्मोस्टॅट खाली, मग फर्नेसचा लाल पट्टीचा स्विच बंद, मग नॉब बंद. हाताने, पक्कड न लावता. मग पाच मिनिटं. मी फोनवर टायमर लावत होते तर सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ कशाला, मी रामरक्षा म्हणते." तळघराच्या पायरीवर बसून त्यांनी सावकाश पूर्ण रामरक्षा म्हटली. नंतर बघितलं, साडेसहा मिनिटं झाली होती.

ओणवी होऊन हुंगलं, धुळीचा वास. नॉब पायलटवर आणला. लांब काडी पेटवून आत धरली, मग नॉब दाबला. हलकासा "फप्" आवाज आणि निळी ज्योत. माझा श्वास तेव्हा सुटला. नॉब दाबून साठ आकडे मोजले, सोडला, ज्योत राहिली. झाकण लावलं, बाजूला उभी राहून नॉब चालूवर, स्विच, थर्मोस्टॅट. बर्नर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर पेटत गेले. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळी."

घर तासाभरात ऊबदार झालं. पण पेठेतलीचं वाक्य डोक्यातून जाईना. तिला व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं तर ती म्हणाली, वास नाही याची खात्री करून धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धर. फर्नेसच्या वर पत्र्याची टोपी असते, जिथे खोलीतली हवा धुराबरोबर आत ओढली जाते. फर्नेस दहा मिनिटं चालू राहिल्यावर तिथे धूर आत जायला हवा.

माझ्या उदबत्तीचा धूर बाहेर आला. सरळ माझ्या तोंडावर. आणि तिथली हवा गरम, दमट होती, चष्म्यावर वाफ धरली.

फर्नेस बंद केली. वर जिन्यापाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, तो वाजला नव्हता. त्याचं "सर्वोच्च" बटण दाबलं तर आकडा ४१. आता खिडक्या उघडून, स्वेटर घालून बसलोय. तंत्रज्ञ उद्या सकाळी. लेक ठीक, सासूबाई ठीक, त्यांचं डोकं गेले दोन आठवडे शनिवार-रविवारी दुखतं असं त्या *आता* सांगताहेत.

मापटं, खोली १० बाय १२, छत ७ फूट. फर्नेस ८०,०००, शेजारी पाण्याचा हीटर ४०,०००. आधीच्या मालकाने फळ्यांची भिंत आणि दार घालून वेगळी खोली केलीय. ड्रायरही त्यातच.

---

पेठेतली

पाण्याचा हीटरही बंद ठेव. त्याचा धूरही त्याच धुराड्यात जातो. आणि सासूबाईंना डॉक्टरांशी बोलू दे, आजच.

अलार्म का वाजला नाही म्हणशील : ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७०) असेल तर तो तासभर किंवा त्याहून जास्त वेळाने वाजतो, त्याखाली गप्पच. ४१ आकडा त्याच्या लेखी "ठीक" आहे. म्हाताऱ्या माणसाच्या लेखी नाही.

---

मापटं

ड्रायर त्याच खोलीत?! मग हिशेब बघा. तिथला ढोबळ नियम, दर हजार बीटीयूला ५० घनफूट मोकळी जागा. तुमचे १,२०,००० बीटीयू, म्हणजे ६,००० घनफूट. तुमची खोली ८४०. सातवा हिस्सा. वर ड्रायर चालू झाला की तो मिनिटाला दीडशे घनफुटांच्या आसपास हवा घराबाहेर फेकतो. म्हणजे पाच-सहा मिनिटांत खोलीभर हवा. दार बंद असेल तर ती भरून कुठून निघणार? धुराड्यातून उलटी. धूर खाली ओढला जातो.

उदबत्ती धरली तेव्हा ड्रायर चालू होता का?

---

ओसरी

होता. रविवार आहे. कपडे.

---

कालनिर्णयी

दोन दिवस वाचतोय. ओसरी, त्या पेन्सिलीच्या तारखा देता का? एक शंका आहे.

---

ओसरी

वाचता येतात तेवढ्या : १४ नोव्हेंबर २०१५, ९ जानेवारी २०१६, २१ जानेवारी २०१८, ८ डिसेंबर २०१८, १६ फेब्रुवारी २०१९. बाकी पुसल्यात.

---

कालनिर्णयी

शनिवार, शनिवार, रविवार, शनिवार, शनिवार. तुमचा कालचा शनिवार. धुण्याचे वार.

---

टाकीवरचा_कावळा

आता अंगावर काटा आला बुवा. मी विनोद मागे घेतो.

---

कोथरूडकर_जुना

थांबा, थांबा. नोकरदार माणूस घरी असतो शनिवार-रविवारीच. पायलट बुधवारी विझला तरी त्याच्या लक्षात शनिवारीच येणार. यावरून ड्रायरला फाशी देऊ नका.

---

कालनिर्णयी

जानेवारीत न्यू जर्सीत फर्नेस बुधवारी विझली तर शनिवारपर्यंत कळणार नाही? पाण्याच्या नळ्या फुटतील हो. पण मुद्दा बरोबर आहे, हा पुरावा नाही, शंका आहे.

---

नदीकाठी

ओसरी, तुमच्या तळघरात कधी पाणी शिरलं होतं का, तेही आधीच्या मालकाला विचारा. आमच्याकडे २०२१ च्या आयडा वादळात तीन फूट पाणी होतं. वाळवून चालू करू म्हणत होतो. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट आहे, गॅसचा व्हॉल्व्ह पाण्याखाली गेला असेल तर बदलायचाच, वाळवून वापरायचा नाही. आत गंज आणि गाळ बसतो आणि मग तो ऐन वेळी बंद होत नाही.

---

नवा_गडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

निवृत्त_फायरमन

ताई, मी काल तुम्हाला "एकदा करा" म्हणालो तेव्हा धुराड्याचं विचारायला हवं होतं. आमच्याकडे चिमणीचा ड्राफ्ट, म्हणजे धूर वर ओढला जातोय का ते, बघितल्याशिवाय कुणी स्टार्ट देत नाही. घर म्हटल्यावर माझ्या डोक्यात स्वयंपाकाची शेगडी आली. पेठेतल्या ताईंचे आभार.

रामरक्षेचं वाचून मात्र बायकोला हाक मारून दाखवलं.

---

ओसरी (मंगळवार)

अपडेट. सासूबाईंची रक्ततपासणी रविवारी संध्याकाळीच केली. डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही, पण तोवर बराच वेळ खिडक्या उघड्या होत्या. डोकं दुखायचं थांबलंय.

तंत्रज्ञ सोमवारी आला, पंचावन्न-साठीचा, कमी बोलणारा. मी उदबत्तीचं सांगितलं तर हसला आणि त्याच्याकडचं धुराचं पेन्सिलीसारखं काहीतरी काढून तेच केलं. ड्रायर बंद, दार उघडं : धूर आत. ड्रायर बंद, दार बंद : धूर आत, पण लोळत. ड्रायर चालू, दार बंद : मिनिटभरात धूर बाहेर. तीनदा केलं, तीनदा तेच.

पण कोथरूडकरांनाही अर्धे गुण. थर्मोकपल मोजलं तर १४ मिलिव्होल्ट. दहा-बारा डॉलरचा भाग, बदलला. पायलट का विझत होता, मरतुकड्या थर्मोकपलने की ड्रायरने, हे त्याला ठाम सांगता येईना. "दोन्ही असतील," म्हणाला. पायलटच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं आणि ड्रायरची लव साठली होती, ती साफ केल्यावर ज्योत निळी झाली, स्क्रूला हातच लावावा लागला नाही! मुख्य बर्नरची झडप किंचित फिरवली, मॅनोमीटर लावून दाब बघितला, तो बरोबर होता. चिमणीच्या तळाशी विटांचे तुकडे निघाले, बादलीभर नव्हेत, पण सूपभर.

खोलीचं दार त्याने काढूनच ठेवायला सांगितलंय. जाळीचं दार बसेपर्यंत ते गॅरेजमध्ये. ड्रायर मी फर्नेस बंद करूनच लावते, आणि अलार्म आणखी एक घेतला, कमी आकडाही दाखवणारा. नवऱ्याचं म्हणणं आता नवी फर्नेस घेऊ, ती बाहेरची हवा घेणारी, मिनियापोलिसवाल्यांसारखी.

---

उणे_तीस

घ्या. फावडंही घ्या.

---

मापटं

जाळीचं दार नको असेल तर भिंतीत दोन भोकं, प्रत्येकी १२० चौरस इंच, एक छतापासून फूटभराच्या आत, एक जमिनीपासून फूटभराच्या आत. आणि ती तळघराच्या मोठ्या भागात उघडली पाहिजेत, कपाटाच्या मागे नव्हे. तो मोठा भाग खोलीसकट ६,००० घनफूट भरतो का तेही मोजा. ७ फुटी छताला साडेआठशे चौरस फुटांच्या आसपास.

---

ओसरी

टेप घेऊन जाते खाली.

---

फरसाणवाला

ताई, मी आज पहाटे भट्टीच्या खोलीची मागची खिडकी उघडली. तेलाचे डबे रचून बंद झाली होती, किती वर्षं ते आठवत नाही. पोरं म्हणतात, शेठ, आज डोळे चुरचुरले नाहीत.

---

ओसरी

मोजलं. दार काढल्यावर, जिना धरून, ८७० चौरस फूट. जेमतेम पास.

आणि पत्र्यावर त्या तारखांखाली मी पण पेन्सिलीने लिहिलंय. तारीख, "थर्मोकपल बदलला", आणि लेकीच्या आग्रहाने ड्रायरचं चित्र, त्यावर फुली. सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात खाली जोडलं : "रामरक्षा १".

---

टाकीवरचा_कावळा

वाचनखूण साठवली. माझ्याकडे विजेची शेगडी आहे, तिचा पायलट महिनाअखेरीला बिल बघून विझतो, त्यावर उदबत्ती कुठे धरायची?